दहावा हिस्सा

एलियान ग्लुकमन हे नाव आपल्याकडे रक्तविकारांच्या डॉक्टरांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. जन्मजात रक्तविकार आणि आटत जाणारी अस्थिमज्जा यांच्या उपचारांवर त्यांनी पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात उभी कारकीर्द काढली. या कारकिर्दीवरून दोन डॉक्टरांत झालेला हा वाद. मावशी निवृत्त आहेत; परळच्या एका प्रयोगशाळेत गुणसूत्रं पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भाचा गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. दोघंही काल्पनिक, त्यांच्या बोलण्यात येणारी नावं, सालं आणि आकडे मात्र खरे.

भाचा : मावशी, ग्लुकमनबाईंचा विषय निघाला की तू थांबत नाहीस. मला एवढंच सांग, फॅन्कोनी ॲनिमिया होतो दर लाख-सव्वा लाख जन्मांमागे एखाद्या मुलाला. त्यावर एका हुशार बाईने आयुष्याची इतकी वर्षं घालवायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका. माझ्या ओपीडीत ‘अंगात रक्त नाही’ हे वाक्य मी दिवसभर ऐकतो. या सगळ्यांना लोहाची गोळी वेळेवर मिळाली आणि त्यांनी ती खाल्ली, तर जितका जीव वाचेल तितका तुमच्या सगळ्या प्रयोगशाळांनी मिळून वाचवलेला नाही.

मावशी : गोळीवर माझा राग नाही. पण तुझ्या त्या रांगेत गोळीने बरं न होणारं एक मूल उभं असतं आणि तुला ते वेगळं दिसत नाही. माझं आयुष्य त्या मुलामागे गेलं. १९२७ साली झुरिकच्या गुइडो फॅन्कोनींनी एकाच घरातल्या तीन भावांची हकिगत लिहिली. तिघांचंही रक्त आटत गेलेलं. पुढे जवळजवळ चार दशकं हा आजार डोळ्यांना दिसेल तेवढाच माहीत होता. १९६४ मध्ये जर्मनीत ट्राउटे श्रोडर यांना या मुलांची गुणसूत्रं तुटकी दिसली. १९७३ मध्ये जपानच्या सासाकी आणि तोनोमुरा यांनी दाखवलं की मायटोमायसिनसारखं औषध पेशींवर टाकलं की ही तूटफूट भयंकर वाढते. डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये हे औषध गाठ मारतं. बॅगेची चेन मध्येच कापड धरून अडकते ना, तसं. आपल्या पेशी ती गाठ सोडवतात. फॅन्कोनीच्या मुलांत गाठ सोडवणारी यंत्रणाच जन्मापासून बिघडलेली असते. मज्जेतल्या मूळ पेशी हळूहळू संपतात आणि पाच ते दहा वर्षांच्या वयात तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट अशा तिन्ही पेशी घसरू लागतात.

भाचा : हे आम्ही परीक्षेला पाठ केलं. बुटकं मूल, अंगठा नीट नाही, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, कधी एकच मूत्रपिंड. पाठ केलं नि विसरलो.

मावशी : आणि त्यातल्या बऱ्याच मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही, हे पाठ करायचं राहिलं! असो. आता सत्तरच्या दशकातलं पॅरिस डोळ्यांसमोर आण. सिॲटलला डॉनल थॉमस यांच्याकडे ग्लुकमन मज्जा प्रत्यारोपण शिकून आल्या होत्या. थॉमसना त्या कामासाठी पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. सेंट-लुईमध्ये ज्याँ दोसे होते. रक्तगटासारखेच पांढऱ्या पेशींचेही गट असतात आणि प्रत्यारोपणाला ते जुळावे लागतात, हा शोध त्यांचा. त्यांना १९८० मध्ये नोबेल मिळालं. थोडक्यात, तेव्हा उपलब्ध असलेलं सगळं ज्ञान बाईंच्या हाताशी होतं. ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे मज्जा आटलेल्या, रुग्णाला प्रत्यारोपणाआधी सायक्लोफॉस्फमाइड द्यायचं, वजनाच्या दर किलोमागे एकूण २०० मिलिग्रॅम, हा ठरलेला डोस होता. भावंडाची मज्जा शरीराने झिडकारू नये म्हणून आधी प्रतिकारशक्ती दाबायची. फॅन्कोनीच्या मुलांनाही तोच डोस दिला गेला.

भाचा : आणि सायक्लोफॉस्फमाइडही तीच गाठ मारणारं.

मावशी : तेच! प्रतिकारशक्ती दाबायला दिलेलं औषध त्या मुलांचं तोंड, आतडी, कातडी सगळंच जाळत होतं. मुलं आजाराने जाण्याआधी उपचाराने जात होती. अशा वेळी डॉक्टर दोनपैकी एक करतात. ‘हा आजारच असा’ म्हणून हात झटकतात, नाहीतर अजून जोराचं काहीतरी देऊन बघतात. ग्लुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या पेशी प्रयोगशाळेत घेतल्या, त्यांच्यावर सायक्लोफॉस्फमाइडचा परिणाम पाहिला आणि गुणसूत्रं किती तुटतात ते मोजलं. मग डोस उतरवला. किलोमागे २०० वरून २० मिलिग्रॅम, जोडीला छाती-पोटावर बेताचे किरण. दहावा हिस्सा. आणि मुलं जगायला लागली.

भाचा : मला यात प्रतिभेपेक्षा सावधपणा जास्त दिसतो. कुणीही शहाणा डॉक्टर डोस कमी करूनच पाहील.

मावशी : आज म्हणतोस. त्या काळी डोस कमी करणं म्हणजे नवी मज्जा न रुजण्याची जोखीम घेणं. मज्जा रुजली नाही तर मूल गेलंच. ठरलेल्या डोसने रुग्ण दगावला तर दोष आजाराचा. तू बदललेल्या डोसने दगावला तर दोष तुझा. प्रोटोकॉल डॉक्टरचंही रक्षण करतो, हे तुला मी सांगायला नको.

भाचा : सांगायला नकोच. पण मी त्या प्रोटोकॉलच्या बाजूनेच बोलणार. माझ्या उपकेंद्रात एएनएम आहे, गावात आशाताई आहे. त्यांना मी अपवाद शिकवायला लागलो तर नियमही हातचा जाईल. एकच गोळी, एकच रंग, एकच डोस, सगळ्यांना. त्या एकसारखेपणावर लाखो माणसं तरतात. तुमच्या बाईंची गोष्ट छान आहे, पण ती पॅरिसच्या रुग्णालयातच शोभते. दहावा हिस्सा शोधायला आधी पेशी मोजणारं कुणी असावं लागतं.

मावशी : मग ब्राझीलकडे बघ. कुरितिबा नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या सरकारी रुग्णालयात फॅन्कोनीची इतकी मुलं आली की जगातल्या मोजक्या मोठ्या केंद्रांत त्याचं नाव झालं. किरणांमुळे पुढे कॅन्सरचा धोका वाढेल म्हणून त्यांनी किरण वगळले, आणि फक्त सायक्लोफॉस्फमाइड पायरीपायरीने खाली आणत किलोमागे ६० मिलिग्रॅमवर आणलं. जुळणारं भावंड असेल तर तेवढ्यावर भागतं, हे त्यांनी सिद्ध केलं. एक औषध, ते स्वस्त, किरणांचं यंत्र नको. हे श्रीमंतांचं शास्त्र आहे का? उलट, कमीत किती भागतं हा प्रश्न गरीब देशाने सगळ्यांत आधी विचारायला हवा.

भाचा : हं. हे मला ठाऊक नव्हतं. पण जग ग्लुकमनबाईंना ओळखतं ते वेगळ्याच कारणासाठी. नाळेतल्या रक्तासाठी. आणि तिथे माझा आक्षेप मोठा आहे.

मावशी : आक्षेप ऐकते, पण आधी घडलं काय ते बोलूया. उत्तर कॅरोलिनातला पाच वर्षांचा मुलगा, फॅन्कोनीचा. आई पुन्हा गरोदर होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आर्लीन ऑअरबाख होत्या. गुणसूत्रांच्या तूटफुटीवरून फॅन्कोनीचं निदान करण्याची खात्रीची चाचणी त्यांनी बसवली होती, आणि १९८२ पासून त्या या आजाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही चालवत होत्या. त्यांनी गर्भावस्थेतच सांगितलं की बाळाला आजार नाही आणि ते भावाशी जुळतं. इंडियानाच्या हॅल ब्रॉक्समायर यांचं म्हणणं होतं की वारेबरोबर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या रक्तात मज्जा उभी करण्याइतक्या मूळ पेशी असतात. बाळ जन्मलं, रक्त गोळा केलं, गोठवलं आणि विमानाने पॅरिसला नेलं. १९८८ च्या ऑक्टोबरात ग्लुकमन यांनी ते त्या मुलाला दिलं. नाळेच्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण. पुढच्या वर्षी ते ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं. तो मुलगा मोठा झाला, तीन दशकं उलटल्यावरही तो ठणठणीत होता.

भाचा : अमेरिकेतलं मूल पॅरिसला का न्यावं लागलं?

मावशी : कारण या मुलांना किती कमी औषध द्यायचं, याचा अनुभव बाईंकडे होता. नाळेतलं रक्त जेमतेम एक पेला. त्यात पेशी मोजक्या. डोस जास्त झाला तर मूल जाणार, कमी पडला तर ते रक्त रुजणार नाही. त्या मुलाला किलोमागे २० मिलिग्रॅमच दिलं होतं. जग नाळेचं रक्त लक्षात ठेवतं. पण काही वर्षांपूर्वीचं ते डोस उतरवणं झालं नसतं तर हे रक्त फ्रीजरमध्येच राहिलं असतं.

भाचा : आता माझा आक्षेप. त्या एका पेल्यातून बाजार उभा राहिला. पुण्या-मुंबईत सातव्या महिन्यात जोडप्याला माहितीपत्रक मिळतं. बाळाचं नाळेचं रक्त साठवा, उद्या त्याच्याच कामी येईल. हप्ते भरा. शिकलेली माणसं भीतीपोटी भरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की मूल पुढे स्वतःसाठी वापरेल म्हणून रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही.

मावशी : आणि आपल्या विषयात तर ते हास्यास्पदच. मुलाला थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा फॅन्कोनी असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या प्रत्येक पेशीत असतो. स्वतःचं रक्त स्वतःला देऊन आजार जाणार कसा? पॅरिसमध्ये बहिणीचं रक्त भावाला दिलं होतं, एवढी साधी गोष्ट माहितीपत्रकात नसते. ग्लुकमन यांनी नंतर युरोकॉर्ड उभारलं ते वेगवेगळ्या देशांतल्या प्रत्यारोपणांचे निकाल एका ठिकाणी तपासायला. कुणाला उपयोग झाला, कुणाला नाही, किती पेशी लागल्या. दुकानदारी वेगळी, नोंदवही वेगळी. एकीचा राग दुसरीवर काढू नकोस.

भाचा : काढत नाही. पण अजून एक गाठ आहेच. तिथे बाळ आधीच पोटात होतं. २००० साली अमेरिकेत फॅन्कोनीच्याच एका मुलीसाठी भ्रूण निवडून भाऊ जन्माला घातला. अहमदाबादमध्ये थॅलेसेमियाच्या भावासाठी तशीच बहीण जन्मली, २०२० मध्ये तिची मज्जा त्याला दिली. एका मुलाच्या औषधासाठी दुसरं मूल?

मावशी : मला यात सरसकट हो म्हणता येत नाही नि नाहीही म्हणता येत नाही. आपल्याकडे ‘वंशाला दिवा हवा’ म्हणून पाचवी खेप होते, ‘म्हातारपणाला आधार’ म्हणून मूल होतं, तेव्हा कुणी नीतीचा प्रश्न काढत नाही. भावाला वाचवायला जन्मलेल्या मुलीवर माया कमी बसेल असं मी मानत नाही. माझी भीती दुसरीच आहे. नाळेचं रक्त घेताना बाळाला टोचावंही लागत नाही. पण ते रुजलं नाही तर? मग त्या लहान जिवाची मज्जा काढायची. तीही फसली तर पुन्हा काढायची. त्या मुलीच्या बाजूने बोलणारं कुणी त्या खोलीत असायला हवं, आई-बापांखेरीज.

भाचा : बरं, हाही वाद बाजूला ठेवू. पण काळानेच नाळेच्या रक्ताला मागे टाकलंय ना? आता अर्धी जुळणी पुरते. बाप मुलाला देऊ शकतो, आई देऊ शकते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सने पद्धत काढली, प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड. स्वस्त, सोपी. आपल्याकडे तिचाच प्रसार झाला. मग ग्लुकमनबाईंच्या कारकिर्दीतलं शिल्लक काय?

मावशी : दहावा हिस्सा. तू आत्ता सांगितलेल्या पद्धतीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणतं औषध म्हणालास?

भाचा : सायक्लोफॉस्फमाइड... अच्छा.

मावशी : फॅन्कोनीच्या मुलाला तिथेही ठरलेला डोस देता येत नाही. पुन्हा उतरवावा लागतो. तंत्र बदललं, पण या मुलांच्या पेशी बदलल्या नाहीत. आणि ही उतरण अजून संपलेली नाही. काही रुग्णांत निसर्गच एक चमत्कार करतो. मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत जनुकाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि त्या एका पेशीची पिलावळ बाकीच्यांना मागे सारून रक्त भरून काढते. माझ्या कामात याचा त्रास व्हायचा. रक्ताची चाचणी नॉर्मल, मूल मात्र फॅन्कोनीचंच. मग त्वचेच्या पेशी वाढवून बघायला लागायचं. पण माद्रिदच्या हुआन ब्वेरेन यांच्या गटाने त्यातूनच वाट काढली. मुलाच्या स्वतःच्या पेशी काढायच्या, जनुक दुरुस्त करायचं, परत सोडायच्या. सुदृढ पेशी आपोआप वरचढ होणार असतील तर आधी मज्जा मारायची गरजच काय? २०१९ मध्ये त्यांनी पहिले निकाल छापले. सायक्लोफॉस्फमाइड शून्य. आधी दोनशे, मग वीस, मग काहीच नाही. एका आजारापाशी कुणीतरी टिकून राहिलं म्हणून ही उतरण घडली.

भाचा : ऐकायला मोह पडतो. तरी प्रश्न तोच राहतो, मोजक्या मुलांचा.

मावशी : मोजक्या? फॅन्कोनीची आता वीसहून जास्त जनुकं माहीत आहेत. पहिलं १९९२ मध्ये टोरोंटोला सापडलं. २००२ मध्ये बॉस्टनच्या ॲलन डी’अँड्रिया यांच्या गटाला कळलं की त्यातलं एक म्हणजे बीआरसीए-२. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचं. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर मुलाला फॅन्कोनी. एकच प्रत बिघडलेली असेल तर बाईला कॅन्सरचा धोका. तुझ्या तालुक्यात छातीत गाठ घेऊन येणाऱ्या बाईवर आज जे उपचार होतात, त्यांचे काही धागे या ‘मोजक्या’ मुलांच्या पेशींतून निघालेत. केंब्रिजमध्ये असताना के. जे. पटेल यांनी तर दाखवलं की फॅन्कोनीची यंत्रणा आपल्या शरीरात तयार होणाऱ्या आणि दारूतून येणाऱ्या ॲल्डिहाइडपासून मूळ पेशींना वाचवते. आपल्या सगळ्यांच्या मज्जेत ते काम रोज चालतं.

भाचा : हा युक्तिवाद मला नेहमी थोडा लबाड वाटतो. ‘दुर्मिळ आजारातून सगळ्यांना फायदा’. म्हणजे त्या मुलाचा जीव स्वतःपुरता पुरेसा नाही, त्याने आपल्याला काहीतरी शिकवायलाही हवं?

मावशी : हे बरोबर बोललास. निधी मागणाऱ्या अर्जात आम्ही हेच लिहीत आलो, कारण तेच खपतं. ऑरेगॉनचे ॲटर्नी जनरल डेव्हिड फ्रोनमायर आणि त्यांच्या पत्नी लिन यांच्या तिन्ही मुलींना फॅन्कोनी होता. १९८९ मध्ये त्यांनी संशोधनासाठी निधी उभारला. तिन्ही मुली गेल्या, तो निधी अजून चालू आहे. ते काही स्तनाच्या कॅन्सरसाठी उभे राहिले नव्हते. आपल्या मुली जगाव्यात म्हणून राहिले. एवढं कारण पुरेसं असायला हवं.

भाचा : मग सिकलसेलचं बोल. तो माझ्या जिल्ह्याचा आजार. ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे आजारी, ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक, हे शब्द इथे अंगणवाडीताईलाही येतात. २०२३ च्या जुलैत शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत उच्चाटन. हायड्रॉक्सियुरिया मिळतं, दुखण्याचे झटके कमी होतात. त्याच्या पुढे?

मावशी : पुढेही ग्लुकमन आहेतच. उत्तरायुष्यात त्या सिकलसेलकडे वळल्या. जगभरातल्या एक हजार रुग्णांचे निकाल एकत्र करून २०१७ मध्ये त्यांनी ते मांडले. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. डॉक्टर पालकांना ‘धोका फार आहे’ एवढंच सांगायचे, आता आकडा सांगता येतो.

भाचा : ९३ टक्के. आणि माझ्या एसएस पॅटर्नच्या पोराचा बाप नागपूरला दोनदा जायच्या भाड्यासाठी उसने काढतो. तो आकडा मी त्याला सांगू कसा?

मावशी : तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

भाचा : पहिल्यांदाच म्हणालीस!

मावशी : कारण ते उत्तर प्रयोगशाळेत तयार होत नाही. पण निदान कागदावर आहे तेवढं तरी वापर. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात, एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या पहिल्या गटात फॅन्कोनी ॲनिमिया आहे. नेमलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. कोल इंडियाची योजना थॅलेसेमियाच्या मुलांना प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत देते, ॲप्लास्टिक ॲनिमियाही त्यात घेतलाय. आपल्या देशात पहिलं मज्जा प्रत्यारोपण टाटा मेमोरियलमध्ये सुरेश अडवाणींनी १९८३ मध्ये केलं, म्हणजे कौशल्याला चाळीस वर्षं झाली. गळती होते ती तुझ्या ओपीडीपासून परळपर्यंतच्या वाटेवर. आणि त्या वाटेची सुरुवात तुझ्याकडे आहे.

भाचा : म्हणजे चूक माझीच?

मावशी : चूक म्हणत नाही. काय करता येईल ते म्हणतेय. फिकट मूल येतं, तू लोह देतोस. बरोबर. पण सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली अजून ओळी असतात. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात. फॅन्कोनीत त्या मोठ्या असतात, आणि बहुतेकदा प्लेटलेट आधी घसरतात.

भाचा : बी-१२ कमी असलं तरी पेशी मोठ्याच होतात, आणि तिन्ही घसरतात. आमच्याकडे ते कितीतरी जास्त.

मावशी : म्हणून आधी बी-१२ दे. काही आठवड्यांत पेशी चढल्या तर प्रश्न मिटला. चढल्या नाहीत तर थांब. दुसरी गोष्ट, तुझ्या सिकलसेल मोहिमेत एचपीएलसी यंत्रावर रक्त जातं ना? ते यंत्र गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिनही मोजतं. फॅन्कोनीत ते वाढलेलं असतं. सिकल नाही, थॅलेसेमिया नाही, तरी ते वाढलेलं आणि प्लेटलेट कमी, असा कागद आला तर तो फाइलला लावून मोकळा होऊ नकोस.

भाचा : हे मात्र माझ्या हातातलं आहे. यंत्र आधीच चालू आहे, रक्त आधीच काढलंय.

मावशी : तिसरी गोष्ट, रक्ताची पिशवी. अडलं तर द्यावीच लागेल. पण मूल प्रत्यारोपणाला जाऊ शकेल अशी शंका असेल तर भावाचं, बापाचं, काकाचं रक्त त्याला चढवायचं नाही. शरीर नात्यातल्या पेशींविरुद्ध आधीच तयार होतं आणि पुढे त्यांचीच मज्जा झिडकारतं.

भाचा : आणि आमच्याकडे पहिली हाक नातेवाइकांनाच जाते. ‘बदली रक्त आणा.’ बाप हात पुढे करूनच उभा असतो.

मावशी : त्याचं रक्त घे, पेढीत जमा कर, दुसऱ्याला दे. मुलाला पेढीतलं अनोळखी माणसाचं दे. आणि पिशवी लावण्याआधी चाचणीचं रक्त काढ. एकदा का परक्या पेशी मिसळल्या की आमच्यासारख्यांचं काम अवघड होतं. भावंडं असतील तर तीही तपासायला हवीत, दिसायला धडधाकट असली तरी. ज्याची मज्जा द्यायची त्याच्यातच आजार लपलेला असू शकतो.

भाचा : लग्नांचं काय? मामाची मुलगी करायची रीत अजून आहे.

मावशी : रीत मोडा म्हणून भाषण देऊ नकोस, कुणी ऐकणार नाही. ज्या घरात एक मूल सापडलं त्या घराला चौथाईचं गणित समजावून सांग. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आणि नात्यात लग्न नसेल तर धोका नाही असंही सांगू नकोस. फॅन्कोनीचा एक जनुकदोष दक्षिण आशियात एकाच पूर्वजाकडून आलेला आहे आणि भारतीय रुग्णांत वारंवार दिसतो, हे २०२० मध्ये पुढे आलं. म्हणजे अनोळखी घराण्यांतही तो असू शकतो. तोच दोष नेमका शोधणारी चाचणी सोपी करता येईल. आपल्या मातीतल्या रुग्णांचं संशोधन आपण केलं तरच.

भाचा : आणि प्रत्यारोपण झालं, मूल वाचलं, की संपलं?

मावशी : संपत नाही. रक्त नवं झालं, तोंड-घशाच्या पेशी जुन्याच. त्या मुलाला मोठेपणी तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा शेकडो पटीने जास्त. आणि तो राहणार तुझ्या जिल्ह्यात.

भाचा : तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या जिल्ह्यात. पंधराव्या वर्षी दोस्त पुडी पुढे करणार.

मावशी : पॅरिसने वाचवलेल्या मुलाला पानटपरीपासून वाचवायचं काम पॅरिस करू शकत नाही. दर सहा महिन्यांनी त्याच्या तोंडात टॉर्च मारून बघणारा माणूस तू.

भाचा : म्हणजे तुझं म्हणणं ऐकून मी करायचं काय, ते असं. बी-१२ देऊनही तिन्ही पेशी खालीच, पेशींचा आकार मोठा, असं मूल दिसलं की पिशवीआधी नमुना काढायचा. नातेवाइकाचं रक्त चढवायचं नाही. एचपीएलसीचा कागद पुन्हा बघायचा. हे आशाताईला शिकवायची गरज नाही, लॅब टेक्निशियनला शिकवलं तरी पुरे. पण मावशी, मग हा अपवाद राहिला कुठे? हा माझ्याच नियमातला पुढचा परिच्छेद झाला.

मावशी : ग्लुकमन यांनी तरी दुसरं काय केलं? एका अपवादाला इतक्या काळजीने मोजलं की तो जगातल्या प्रत्येक केंद्राचा नियम झाला. आता कुरितिबात किंवा मुंबईत फॅन्कोनीचं मूल भरती झालं तर डोस कमी करायला कुणाला धाडस लागत नाही. ते छापील तक्त्यात आहे.

भाचा : तरी मी माझा हिशोब सोडणार नाही. उद्या मला सांगितलं की तुझ्या जिल्ह्याला एक कोटी मिळतील, लोहाच्या गोळ्या घे नाहीतर दोन प्रत्यारोपणं कर, तर मी गोळ्या घेईन.

मावशी : मीही त्या खुर्चीत बसले तर गोळ्याच घेईन. आणि दुसऱ्या दिवशी ‘हे दोनच पर्याय कुणी ठेवले’ असं विचारणारं पत्र लिहीन. त्या पत्राला जोडायला तुझी नोंदवही लागेल. गेल्या वर्षी तुझ्याकडे तिन्ही पेशी कमी असलेली किती मुलं आली, किती पुढे पाठवली, किती परत आली नाहीत, हा आकडा आहे तुझ्याकडे?

भाचा : नाही. रजिस्टरमध्ये सगळ्यांपुढे ‘ॲनिमिया’ एवढंच लिहिलेलं असतं.

मावशी : मग त्या एका रकान्याचे आधी दोन कर.